ताकद डब्यात नाही. ताटात तरी आहे का?

जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकी सरकारने आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. प्रौढांनी शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दररोज १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे त्यात म्हटले आहे. अनेक दशके हा आकडा ०.८ ग्रॅम होता. म्हणजे एका फटक्यात दीडपट ते दुप्पट. त्याआधी, मे २०२४ मध्ये, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी तयार केलेल्या तत्त्वांचा सूर अगदी वेगळा होता. शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी घेऊ नका, रोजच्या जेवणातून गरज भागवा, असे संस्थेने बजावले होते. भारतीय प्रौढांसाठी संस्थेची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅमची आहे.

एक सरकार म्हणते भरपूर खा, दुसरे म्हणते डबा विकत घेऊ नका. मधल्या जागेत बाजार उभा आहे. ताक, लस्सी, बिस्किटे, कणीक, जे हाती येईल त्याच्या वेष्टनावर आता ‘हाय प्रोटीन’ असे ठळक छापलेले असते. जिमला जाणारा मुलगा महिन्याला काही हजारांची पावडर मागतो आणि सत्तरीतल्या आजोबांच्या वाट्याला सकाळी चहा-बिस्किट आणि रात्री दूध-भात येतो, असे चित्र एकाच घरात दिसते. प्रथिनांचा प्रश्न यांपैकी नेमका कोणाचा आहे, हे संशोधनातून बरेच स्पष्ट झाले आहे. ते उत्तर मात्र जाहिरातीत बसण्यासारखे नाही.

गंमत अशी की १.६ हा आकडा दोन्ही दस्तऐवजांत आहे. अमेरिकेत तो सल्ल्याची वरची कड म्हणून येतो, तर भारतीय तत्त्वांत ‘याहून जास्त खाऊन व्यायामाच्या फायद्यात भर पडत नाही’ अशी मर्यादा म्हणून. तो प्रसिद्ध झाला २०१८ मध्ये. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील रॉबर्ट मॉर्टन, स्टुअर्ट फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी ४९ चाचण्या आणि १,८६३ सहभागींची आकडेवारी एकत्र करून ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये तिचे विश्लेषण मांडले. या सगळ्या चाचण्यांत लोकांनी किमान सहा आठवडे वजनांचे व्यायाम केले होते. काहींना जादा प्रथिने दिली होती, काहींना नाही. जादा प्रथिनांचा फायदा दिसला, पण तो साधारण १.६ ग्रॅमपर्यंत. त्यापुढे आलेख सपाट होत गेला.

हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. त्याच निबंधातले दुसरे आकडे फारसे कोणी सांगत नाही. नुसत्या व्यायामाने सहभागींच्या चरबीविरहित वजनात सरासरी १.१ किलोची भर पडली. जादा प्रथिनांनी त्यात आणखी ०.३ किलो, म्हणजे ३०० ग्रॅम, वाढले. एका वेळी जास्तीत जास्त उचलता येणाऱ्या वजनात व्यायामाने सरासरी २७ किलोंची वाढ झाली आणि प्रथिनांची त्यातली भर अडीच किलोंची होती. दहा टक्क्यांहूनही कमी. शिवाय १.६ ही काही काटेकोर रेघ नव्हे; संशोधकांनीच तिच्याभोवती १.०३ ते २.२० एवढा मोठा अनिश्चिततेचा पट्टा दिला आहे. पावडर विकणारा त्यातला २.२ उचलतो. १.०३ उचलून जाहिरात केल्याचे कोणाच्या पाहण्यात नसावे.

व्यायाम आणि आहार यांतले मोठे कोण, याचा सर्वांत बोलका पुरावा मात्र तरुणांच्या जिममधून नव्हे, तर वृद्धाश्रमातून आला. अमेरिकेतील बोस्टन येथे मारिया फियातारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धसेवा केंद्रातील १०० अशक्त रहिवाशांवर केलेली चाचणी १९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. सहभागींचे सरासरी वय ८७ होते. त्यांचे चार गट केले: एकाला पायांचे वजनाचे व्यायाम, एकाला रोज ३६० कॅलरींचे पोषक पेय, एकाला दोन्ही, एकाला दोन्हींपैकी काहीच नाही. व्यायाम म्हणजे खुर्चीत बसून हात हलवणे नव्हे. प्रत्येकाच्या कमाल ताकदीच्या मोठ्या हिश्शाएवढे वजन, आठवड्यातून तीन दिवस, ताकद वाढेल तसे वाढवत नेलेले.

दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी ११३ टक्के वाढली होती, म्हणजे दुपटीहून अधिक. चालण्याचा वेग सुमारे १२ टक्के वाढला, जिना चढण्याची शक्ती २८ टक्के. नुसत्या पोषक पेयाचा ताकदीवर परिणाम दिसला नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पेय घेऊनही व्यायाम न करणाऱ्यांच्या दिवसभराच्या एकूण कॅलरी वाढल्याच नाहीत. पेय पोटात गेले तेवढे जेवण कमी झाले. व्यायाम करणाऱ्यांना मात्र भूक लागली. आपल्याकडे ‘आई खातच नाही हो’ म्हणून पावडरीचे डबे आणणाऱ्या घरांनी हा बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

यामागची शरीरक्रिया समजायला अवघड नाही. स्नायू ही पक्की भिंत नसून ती सतत पाडली आणि बांधली जाते. स्नायूतील एक ते दोन टक्के प्रथिन रोज मोडते आणि नवे तयार होते. ताण पडलेला तंतू ‘बांधकाम वाढवा’ असा संदेश देतो, आणि अन्नातून आलेली अमिनो आम्ले, त्यातही ल्युसिन, त्या कामाला वेग आणि माल पुरवतात. ताण नसेल तर आलेला माल ठेवायला कोठार नाही. चरबीसाठी शरीरात जागा असते, साखरेसाठी थोडी असते. जादा प्रथिनांसाठी तशी जागा नाही. ती जाळली जातात आणि त्यांतला नायट्रोजन युरियाच्या रूपाने लघवीतून निघून जातो. एका कॅनभर दुधातली साय काढून बाकीचे मोरीत ओतावे, तसा हा व्यवहार.

जिममधल्या गप्पांत मात्र वेगळीच भूगोल-इतिहासाची पुस्तके चालतात. व्यायामानंतर अर्ध्या तासात शेक प्यायला नाही तर मेहनत वाया, हे त्यातले पहिले. अमेरिकी संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या विषयावरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. दिवसभराचे एकूण प्रथिन सारखे धरले की वेळेचा फायदा उरत नाही, असे त्यांना आढळले. व्यायामानंतर स्नायू किमान एक दिवस तरी प्रथिनांना जास्त प्रतिसाद देत असतो, त्यामुळे घरी जाऊन सावकाश जेवलेले चालते. दुसरी समजूत ‘एका वेळी पंचवीस-तीस ग्रॅमच पचतात’ ही. नेदरलँड्समधील मास्ट्रिक्ट येथील लूक व्हॅन लून यांच्या गटाने २०२३ मध्ये तरुण पुरुषांना व्यायामानंतर एकाच वेळी २५ किंवा १०० ग्रॅम दूधप्रथिन दिले. १०० ग्रॅमचा प्रतिसाद मोठा तर होताच, पण बारा तास मोजणी केली तोपर्यंत तो टिकून होता. याचा अर्थ एकाच वेळी १०० ग्रॅम खावे असा नाही. ज्याला दिवसातून दोनदाच नीट जेवता येते त्याचे काही बिघडत नाही, एवढाच.

वयस्कांच्या बाबतीत मात्र वाटपाला अर्थ आहे. तरुण स्नायूला जागे करायला एका जेवणात किलोमागे सुमारे ०.२४ ग्रॅम प्रथिन पुरते. वृद्धाच्या स्नायूला सुमारे ०.४ ग्रॅम लागते, असे मोजमाप उपलब्ध आहे. साठ किलोच्या माणसासाठी हे २४ ग्रॅम झाले. चहा-बिस्किटात ते कुठून येणार?

भारतीयांसाठी या सगळ्याला आणखी एक पदर आहे आणि त्याचे धागे पुण्यात सापडतात. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांतील नवजात बालके आणि इंग्लंडमधील साउदम्पटन येथील बालके यांची तुलना केली. पुण्याच्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो, तिकडच्यांचे ३.५ किलो. पण ही घट सर्वत्र सारखी नव्हती. त्वचेखालची चरबी बरीचशी राखली गेली होती, स्नायू आणि पोटातील अवयव यांत तूट होती. बारीक दिसणारे, पण चरबीचा वाटा जास्त असलेले शरीर जन्मापासूनच. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याने दोघांना एकाच रांगेत बसवले असते. जेवणानंतर रक्तातील साखरेचा मोठा हिस्सा स्नायू उचलतात. स्नायू कमी असले की ती साखर रक्तात रेंगाळते. आयसीएमआरच्या २०२३ मधील पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. स्नायूंचा प्रश्न हा केवळ बायसेप्स दाखवण्याचा नाही, तो इथे येऊन भिडतो.

मग ताटात आहे किती? साठ किलो वजनाच्या बाईचा हिशेब मांडू. सव्वाशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरींतून बारा ग्रॅम, मूठभर तांदळाच्या भातातून पाच, चाळीस ग्रॅम तुरीच्या डाळीच्या वरणातून नऊ, तीस ग्रॅम मटकीच्या उसळीतून सहा, दूध-दही मिळून ३०० मिलिलिटर घेतले तर दहा, शेंगदाण्याचे कूट वीस ग्रॅम म्हणजे पाच, सकाळच्या पोह्यांतून तीन-साडेतीन. बेरीज पन्नासच्या आसपास. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ०.८३ ग्रॅमच्या मापात हे जेमतेम बसते. अट एकच, वरण पाण्यासारखे नको, उसळ रोज हवी आणि दही घरच्या इतरांना वाढून संपलेले नको. अमेरिकेच्या १.२ ग्रॅमसाठी ७२ ग्रॅम लागतील. त्यासाठी वरील जेवणात दोन अंडी आणि वीस ग्रॅम सोया वडी मिळवली की काम भागते. अंड्यांऐवजी बांगडा, कोंबडी किंवा पनीरही चालेल.

केंद्र सरकारच्या घरगुती खर्चाच्या ताज्या पाहणीनुसार देशात दरडोई रोज साठ ग्रॅमच्या थोडे वर प्रथिन खाल्ले जाते. ‘सारा देश प्रथिनांसाठी आसुसलेला’ या जाहिरातींच्या चित्राशी हे जुळत नाही. पण सरासरीत समाधान मानण्यासारखेही काही नाही. ग्रामीण भागात यांतला जवळजवळ निम्मा वाटा तृणधान्यांचा आहे. धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळी ती उणीव भरून काढतात, म्हणूनच संस्था धान्य आणि डाळ यांचे प्रमाण तीनास एक ठेवायला सांगते. डाळ महागली की आधी तीच पातळ होते. शिवाय पाहणी घराची होते. घरातल्या सुनेच्या ताटात काय पडले, ते तिच्यात नोंदले जात नाही.

शाकाहारींना एक दिलासा आहे. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठात १९ व्हीगन आणि १९ मांसाहारी तरुणांना बारा आठवडे सारखाच व्यायाम दिला. दोन्ही गटांचे प्रथिन किलोमागे १.६ ग्रॅमवर आणले, व्हीगनांना सोयापासून, इतरांना दुधापासून. पायांचे स्नायू आणि ताकद दोन्ही गटांत सारखीच वाढली. प्रमाण पुरेसे असेल तर उगम गौण ठरतो. कमी असेल तर नाही.

मूत्रपिंडांचे काय, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. निरोगी मूत्रपिंडांवर या पातळीच्या प्रथिनांचा वाईट परिणाम होतो, असे चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलेले नाही. पण ‘निरोगी’ हा शब्द भारतात गृहीत धरता येत नाही. मधुमेह आणि रक्तदाब ही मूत्रपिंडे बिघडण्याची दोन मोठी कारणे आहेत आणि बिघाड बराच काळ लक्षणांशिवाय चालतो. चाळिशीच्या पुढच्या माणसाने प्रथिने वाढवण्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घेणे हे डब्याच्या किमतीच्या तुलनेत स्वस्त आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना १.२ ग्रॅमचा सरसकट सल्ला लागूच होत नाही.

आता डबा. एप्रिल २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात केरळमधील यकृततज्ज्ञ सिरियक अ‍ॅबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची प्रयोगशाळेतील तपासणी प्रसिद्ध केली. जवळपास ७० टक्के उत्पादनांच्या वेष्टनावर प्रथिनांचे प्रमाण चुकीचे लिहिलेले होते. काहींत लिहिल्याच्या निम्मेच होते. १४ टक्के नमुन्यांत बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष आढळले, ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश. यांतली सगळीच पावडर वाईट असे नाही. व्हे म्हणजे चीज करताना उरलेल्या दुधाच्या निवळीची भुकटी. शुद्ध असेल तर ती अन्नच आहे. पण ग्राहकाला ती शुद्ध आहे हे दुकानात उभे राहून कळण्याचा मार्ग नाही. अन्नसुरक्षा यंत्रणांनी नमुने घेऊन निकाल उत्पादनाच्या नावासह वेळोवेळी जाहीर केले असते, तर हे काम एका डॉक्टरला करावे लागले नसते.

डब्यावरच्या छायाचित्राचाही खुलासा करायला हवा. १९९६ मध्ये शालेंदर भसीन आणि सहकाऱ्यांनी ४३ पुरुषांवर एक चाचणी केली. दहा आठवडे नुसता व्यायाम करणाऱ्यांच्या चरबीविरहित वजनात सुमारे दोन किलोंची भर पडली. टेस्टोस्टेरॉनची मोठी मात्रा घेऊन व्यायाम न करणाऱ्यांचे ३.२ किलो वाढले, आणि दोन्ही करणाऱ्यांचे ६.१ किलो. तीन महिन्यांत ‘ट्रान्सफॉर्मेशन’ झाल्याचे दाखवणाऱ्या अनेकांच्या यशाचे गणित या शेवटच्या रांगेत आहे; पावडरीने ते जमत नाही म्हणून पोरे हळूच इंजेक्शनांकडे वळतात. शस्त्रक्रियेवेळी घसरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी असलेले मेफेंटरमिन जिमच्या आवारात बेकायदा विकल्याबद्दल महाराष्ट्रात पोलिसांनी कारवाया केल्या आहेत. त्याने स्नायू वाढत नाहीत. हृदय जोरात धडधडते आणि थकवा जाणवत नाही, एवढेच.

इंजेक्शनांचा दुसरा, कायदेशीर प्रकार आता मध्यमवर्गीय घरांत शिरला आहे. टिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जूनमध्ये भारतात आले. या औषधांनी वजन झपाट्याने उतरते, पण उतरलेल्या वजनात चरबीविरहित भाग साधारण एक चतुर्थांश ते ४० टक्के असतो, असे चाचण्यांत मोजले गेले आहे. हा सगळा भाग स्नायू नसतो. पाणी आणि इतर ऊतीही त्यात येतात. तरीही आधीच स्नायूंची तूट घेऊन जन्मलेल्या ‘बारीक-लठ्ठ’ शरीरासाठी हे आकडे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. औषधाने भूकच मेलेली असते, तेव्हा ताटातून प्रथिने आधी गळतात. जादा प्रथिनांचा खरा उपयोग कुठे होतो, तर इथे. मॅकमास्टरच्याच २०१६ मधील एका चाचणीत ४० तरुणांचा आहार चार आठवडे ४० टक्क्यांनी घटवला आणि त्यांच्याकडून कसून व्यायाम करून घेतला. किलोमागे १.२ ग्रॅम घेणाऱ्यांचे स्नायू टिकले, २.४ ग्रॅम घेणाऱ्यांच्या चरबीविरहित वजनात उलट १.२ किलोची भर पडली आणि चरबीही जास्त घटली. ही मुले औषधावर नव्हती आणि पंचविशीच्या आतबाहेरची होती, म्हणून निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही. पण दिशा कळते. सध्या अनेकांना औषधाची चिठ्ठी मिळते. व्यायामाची मिळत नाही.

व्यायाम म्हणजे महागडे जिमच असेही नाही. मॅकमास्टरमध्येच २०१२ मध्ये झालेल्या प्रयोगात कमाल क्षमतेच्या ३० टक्के वजन थकेपर्यंत उचलणाऱ्यांचे आणि ८० टक्के उचलणाऱ्यांचे स्नायू जवळपास सारखेच वाढले. ताकद मात्र जड वजनाने जास्त वाढते. जोर-बैठका काढणाऱ्या तालमींना हे प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होते. अट एवढीच की शेवटच्या दोन-तीन आवृत्त्या कठीण जाव्यात आणि भार हळूहळू वाढत राहावा. महापालिकांनी उद्यानांत बसवलेल्या ‘ओपन जिम’ची बरीच उपकरणे इथेच फसतात; त्यांचा भार वाढवताच येत नाही, आणि झोपाळ्यासारखी हलणारी काही तर गुडघ्यांना नुसती फिरवून आणतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाची शिफारस करते. सकाळी उद्यानात फेऱ्या मारणाऱ्यांत ती पाळणारे शोधावे लागतील.

स्वतःचे किंवा घरातल्या ज्येष्ठांचे स्नायू कुठवर आले आहेत, हे पाहायला स्कॅन लागत नाही. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेली एक कसोटी आहे: हात छातीशी घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायचे आणि बसायचे. बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर पायांचे स्नायू तपासून घ्यायला हवेत. खुर्ची भिंतीला टेकवलेली असावी आणि शेजारी कोणीतरी उभे असावे.